स्वर्गातून कारभार

नाशिकच्या कॉलेज रोडवर उभे राहून एखाद्या रिक्षावाल्याला ‘हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज कुठे?’ असे विचारून पाहा. तो आधी तुम्हाला नवखे समजेल आणि मग म्हणेल, ‘एचपीटी का?’ भिकुसा यमासा क्षत्रिय यांचेही तिथेच बीवायके झाले आहे. एवढाल्या नावांची जिथे तीन अक्षरे उरतात, तिथे पाच हजारांच्या ठेवीला नाव, फोटो, हार आणि तिथी अशा चार अटी लावणाऱ्याच्या आत्मविश्वासाला दाद द्यावी तेवढी थोडी. मृत्युपत्रातून संस्थेला काही ठेवून जाणाऱ्या आपल्याकडच्या सज्जनांची खोड एकच: देतात, पण सोडत नाहीत. देह गोदाकाठी ठेवायचा आणि कारभार वरून पाहायचा, असा बेत असतो.

समजा, ठेव पाच हजारांची आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी मातोश्रींच्या पुण्यतिथीला, संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीला चांदीचे पदक द्यायचे. दहा टक्के व्याजाच्या काळात पाचशे रुपये यायचे. सहा टक्क्यांवर तीनशे येतात. तीनशेत चांदीचे पदक येत नाही, चांदीच्या रंगाचे येते. पुढे शाळेत संस्कृत घेणारेच कोणी उरत नाही. मूळ हेतू बदलायचा तर आधी धर्मादाय आयुक्त, मग न्यायालय. तीनशे रुपयांसाठी वकील कोण लावणार? मग ताळेबंदात ‘पारितोषिक निधी’ ही ओळ वर्षानुवर्षे मुकाट्याने छापली जाते.

ठेव तरी गरीब गाय. खरी मजा वाड्याची. जुन्या नाशकातला वाडा एखाद्या संस्थेला मिळाला की पेढे वाटले जातात. मग कोणीतरी जिना चढून पाहते. खाली तीन भाडेकरू, त्यांचे भाडे महिन्याच्या चहाच्या बिलाइतके, आणि वर भाडे नियंत्रण कायद्याचे कवच. माडीला टेकू. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची ‘धोकादायक वाडा’ म्हणून नोटीस. आणि मृत्युपत्रात अट: वास्तू विकू नये, तिथे ज्येष्ठांसाठी वाचनकक्ष चालवावा. ही अट नसती तरी विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाहीच. शिवाय चेंज रिपोर्ट, सिटी सर्व्हेचा उतारा आणि पुण्याहून हरकत घेणारा पुतण्या आहेतच. द्राक्षबाग ठेवली असेल तर आणखी रंगत. गुजरातेतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ चा अर्थ लावताना सांगितले, की शेतजमीन मृत्युपत्रानेही बिगरशेतकऱ्याला देता येत नाही. तो १९४८ चा कायदा मूळचा मुंबई राज्याचा, म्हणजे आपलाही.

मग काय, मोघम लिहावे? मोघमपणाची फळेही पाहून घ्या. मुंबईच्या एका मृत्युपत्रात मिळकत ‘धरम’ करण्यासाठी ठेवली होती. १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने ती तरतूद रद्द ठरवली, कारण या शब्दात नेमके काय बसते हे ठरेना. आपल्याला इतकी शतके जे ठरवता आले नाही, ते लंडनच्या न्यायमूर्तींना ठरवता आले नाही म्हणून त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. विठ्ठलभाई पटेल १९३३ मध्ये वारले. देशाच्या राजकीय उत्कर्षासाठी, शक्यतो परदेशातल्या प्रचारासाठी खर्चावा म्हणून मिळकतीचा मोठा हिस्सा त्यांनी सुभाषचंद्र बोसांच्या हाती ठेवला होता. १९३९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद मोघम म्हणून नाकारली आणि पैसा वारसांकडे वळला. दस्तुरखुद्द नोबेलने संस्थांची नावे नेमकी लिहिली होती. फक्त त्या संस्थांना विचारायचे राहिले होते. तो गेला १८९६ मध्ये, पहिली पारितोषिके दिली गेली १९०१ मध्ये. तेव्हा नेमका हवा तो घेणारा. मोकळे हवे ते काम. ‘अमुक नोंदणी क्रमांकाच्या संस्थेला, तिच्या सर्वसाधारण कामासाठी’ एवढी ओळ पुरते, आणि ती लिहिण्याआधी एक फोन.

‘मोकळे सोडले तर विश्वस्त खातील,’ हा आक्षेप हवेतला नाही. पण अट पाळतो तो प्रामाणिक विश्वस्त. खाणाऱ्याच्या घशात अट कधी अडकली? त्याला अडवायचे तर हिशेब मागावा लागतो, आणि मृत्युपत्राचा मसुदा तीनतीनदा बदलणारे लोक संस्थेचा ऑडिट रिपोर्ट एकदाही मागत नाहीत. ‘जिवंतपणीच देऊन टाका’ असे सांगणारेही भेटतात. त्यांना अजून आयसीयूचे बिल आलेले नसते. उतारवयात पैसा हाताशी ठेवणे यात शहाणपणच आहे, आणि मृत्युपत्राची सोय त्यासाठीच आहे.

संस्थाही काही साध्याभोळ्या नाहीत. दात्याला स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसवतील, शाल देतील. पण ‘रोख चालेल, वाडा विकून आलेले पैसेही चालतील, वाडा मात्र नको’ हे पाच मिनिटांचे बोलणे करणार नाहीत. आलेल्या लक्ष्मीला नको कसे म्हणायचे! त्या संकोचापायी पुढे वीस वर्षे तारखा पडतात, आणि माडीचे टेकू दोनाचे चार होतात. दात्याची नावाची हौस तेवढी पुरी होते. दारावरची पाटी वाळवीने खाल्ली, तरी मिळकतीला संस्थेचे नाव अजून लागलेले नसते. त्यामुळे घरपट्टीचे बिल दरवर्षी दात्याच्याच नावाने येते. आद्याक्षरे नाहीत, काही नाही. संपूर्ण नाव, थकबाकीसह.