राजपत्रित सहजपणा : मुलाखतपूर्व संस्कारांची रूपरेषा

राज्यसेवेची मुलाखत, म्हणजे लेखी परीक्षेतून तावूनसुलाखून निघालेल्या उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या मंडळासमोर सुमारे अर्धा तास बसवून त्याचे व्यक्तिमत्त्व पारखण्याची पद्धत, ही सहजपणाची परीक्षा असल्याचे सर्व मार्गदर्शक एकमुखाने सांगतात. आणि सहजपणा हा माणसाच्या अंगी उपजत असण्याची शक्यता फारच कमी असल्याने तो काही महिन्यांच्या कठोर सरावाने बाणवावा लागतो, याविषयीही त्यांच्यात मतभेद आढळत नाही. प्रस्तुत विवेचनात या सरावाची शास्त्रशुद्ध मांडणी केली आहे.

प्रथम गुणांचा विचार करणे इष्ट ठरेल. वर्णनात्मक पद्धतीत लेखी परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ असे एकूण २०२५ गुण धरले जातात, म्हणजे मुलाखतीचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास पडतो. अशोककुमार यादव विरुद्ध हरियाणा राज्य या १९८५च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला बावीस आणि तेहेतीस टक्के गुण ठेवणे अवाजवी ठरवले होते, कारण तेवढ्या गुणांत मर्जीला फार वाव राहतो. मात्र उमेदवाराच्या झोपेतला किती वाटा मुलाखतीने घ्यावा याविषयी न्यायालयाने कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. कौटिल्याची पद्धत याहून सरळ होती. त्याने अमात्यांची पारख करण्यासाठी धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार ‘उपधा’, म्हणजे कपटाने घ्यायच्या गुप्त कसोट्या, सांगितल्या असून चारही कसोट्यांत नापास होणाऱ्यांनाही त्याने खाणी, हत्तींची अरण्ये आणि कारखाने अशा ठिकाणी नेमणूक देऊ केली आहे. आधुनिक उमेदवाराला ही सवलत नाही.

तयारीचा पाया म्हणजे अर्जातील छंदाचा रकाना. पाच वर्षे अभ्यासिकेत, म्हणजे दरमहा भाडे भरून मिळणाऱ्या खुर्ची-टेबलावर, काढलेल्या व्यक्तीला छंद असणे संभवत नाही, म्हणून तो निवडावा लागतो; आणि निवडताना तो आवडतो का यापेक्षा तो मंडळाला जागच्या जागी तपासता येतो का, हा निकष लावावा. वाचन हा वरवर निरुपद्रवी दिसणारा छंद ‘अलीकडे काय वाचले?’ या पहिल्याच प्रश्नाला बळी पडतो, गायन लिहिणाऱ्याला गाण्याची विनंती होऊ शकते, आणि गिर्यारोहण लिहिणाऱ्याला कळसूबाईची १६४६ मीटर ही उंची पाठ असली तरी तो तिथे गेल्याची खूण त्याच्या पोटऱ्यांवर दिसत नाही. बागकाम हा त्या मानाने सुरक्षित छंद होय, कारण मंडळाच्या दालनात कुंडी आणून ठेवण्याची प्रथा अद्याप पडलेली नाही.

छंदानंतर येते ते स्वतःचे गाव. उमेदवाराने गाव सोडले ते अभ्यासासाठी, आणि आता त्याला अभ्यास करायचा असतो तो गावाचाच. सोलापूरच्या उमेदवाराचे उदाहरण घेतल्यास तो १९३०चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले चार हुतात्मे, भुईकोट किल्ला, गड्ड्याची यात्रा आणि चादरीला मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाचे नाव राखून ठेवण्याचा कायदेशीर हक्क, हे सारे सनावळीसह मुखोद्गत करतो. अशा वेळी एखादा सदस्य चष्मा काढून सहज विचारतो, की तुमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येते? आयुष्यभर घागरी आणि पिंप भरून ठेवलेल्या त्या उमेदवाराला हे एकच उत्तर कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक असते. परंतु ते टिपणात नसल्यामुळे तो क्षणभर थांबतो आणि उजनी धरणाच्या संदर्भात शाश्वत जलव्यवस्थापनाच्या एकात्मिक दृष्टिकोनावर बोलू लागतो. मार्गदर्शनाचे यश याहून स्पष्ट कुठे दिसावे?

‘प्रशासनातच का यायचे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर समाजसेवा हे असून ते अनिवार्य आहे. नोकरीची शाश्वती, लग्नाच्या बाजारातील भाव आणि दारात उभी राहणारी सरकारी गाडी ही कारणे खरी असली तरी मंडळाच्या सदस्यांना ती आधीपासून माहीत असल्याने पुन्हा सांगून त्यांचा वेळ घेऊ नये.

पोशाखाविषयी फारसे मतभेद नाहीत. फिकट शर्ट, गडद पँट, काळे बूट, स्त्रियांसाठी सुती साडी. नवे बूट मात्र आठवडाभर आधीपासून घालावेत, कारण चावणाऱ्या बुटामुळे चेहऱ्यावर उमटणारा भाव बऱ्याचदा करुणेचा समजला जातो, आणि तो कायदा-सुव्यवस्थेच्या प्रश्नावर शोभत नाही.

सर्वांत अवघड प्रकरण अभिरूप मुलाखतीचे, म्हणजे खऱ्या मुलाखतीची जी रंगीत तालीम पुण्याच्या पेठांतील क्लासांमध्ये निवृत्त अधिकारी आणि विषयतज्ज्ञांसमोर होते तिचे. एका क्लासमध्ये हात मांडीवर ठेवण्याचा, दुसरीकडे ते थोडे हलवण्याचा आणि तिसरीकडे आधीच्या दोघांचे विसरून जाण्याचा सल्ला मिळतो, आणि निष्ठावान उमेदवार तिन्ही पाळतो. ‘माहीत नाही’ हे शब्दसुद्धा तिथे घोटून घेतले जातात : आधी दीड सेकंद विचारमग्न मुद्रा, मग मंद स्मित, मग ‘क्षमा असावी सर, याविषयी मला नेमकी माहिती नाही, मी नक्की वाचेन’. हे वाक्य इतके पक्के होते, की वडिलांचे नाव विचारल्यावरही मुद्रा आपोआप विचारमग्न होण्याचा धोका संभवतो. हल्ली एकामागून एक येणारे उमेदवार त्याच स्मितासह तीच क्षमा मागत असल्याने मंडळालाही विश्रांती मिळत असावी.

खरी मुलाखत आटोपल्यावर उमेदवाराने आपल्याला विचारले गेलेले सर्व प्रश्न त्याच दिवशी लिहून क्लासला द्यावयाचे असतात, आणि त्यांतूनच पुढील वर्षीच्या उमेदवारांचा सहजपणा तयार केला जातो. निवड झाल्यास त्याचे छायाचित्र फलकावर लागते. सलग तीन मुलाखती देऊनही निवड न झाल्यास त्याला अनुभवी समजून अभिरूप मंडळावर तज्ज्ञ म्हणून बसवतात, आणि तिथे समोरच्याने छंद म्हणून बागकाम सांगितल्याबरोबर तो कोणते खत वापरता, असे विचारतो.