धुळ्याचा सूर्य तीन मिनिटं मागे

खान्देशात वेळ विचारली की उत्तर अंदाजपंचे येतं. "कितला वाजनात भो?" असं कुणी विचारलं की "झाले असतील साडेअकरा" एवढं पुरतं, आणि ते सांगताना मनगटाकडे पाहायचीही गरज पडत नाही. पूर्वी जळगावची खान्देश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल भोंगा देत आणि गावं त्यावर घड्याळं लावत. भोंग्याचा आवाज किलोमीटरभर जायला तीन सेकंद घेतो. म्हणजे मिलच्या फाटकाशी राहणारा आणि दोन किलोमीटरवरच्या मळ्यातला माणूस यांच्या घड्याळांत सहा सेकंदांचं अंतर पडे. त्या सहा सेकंदांपायी कुणाचं काही अडलं नाही.

आता अडतं. ज्या पतसंस्थेचे संगणक मी सांभाळतो तिची एक शाखा जळगावात, दुसरी धुळ्यात. एकदा मुलाने केळीचे पैसे जळगावात भरले, फोन केला आणि बापाने ते धुळ्यात काढले. व्यवहार चोख. पण धुळ्याच्या संगणकाचं घड्याळ सात मिनिटं मागे चालत होतं, त्यामुळे खात्यात पैसे आधी निघाले आणि मग जमा झाले. ऑडिटरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आप्पा, नसलेले पैसे दिलेत कसे?" धुळे शाखेचे आप्पा अजिबात न गडबडता म्हणाले, "साहेब, माणूस ओळखीचा होता."

तेव्हापासून दोन्ही शाखांत एनटीपीची, म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉलची, सेवा चालू आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स हे तिचे जनक. पहिला आराखडा १९८५चा. पडद्याआड बसून ती अधूनमधून दुसऱ्या संगणकाला वेळ विचारते. विचारण्याची तऱ्हा मात्र भोंग्यापेक्षा हुशार आहे. समजा, जळगावहून एसटीने धुळ्याला आप्पांकडे चिठ्ठी धाडली. निघाल्याची वेळ आपण लिहायची, पोचल्याची आणि परत धाडल्याची आप्पांनी, हाती आल्याची पुन्हा आपण. या चार वेळांतून प्रवास किती आणि घड्याळांतला फरक किती, हे वेगळं काढता येतं. गृहीत एकच, की जायला लागतो तेवढाच वेळ यायला लागतो. जाताना गाडी पारोळ्याला चहासाठी वीस मिनिटं थांबली आणि येताना थांबलीच नाही, तर त्यातली दहा मिनिटं हिशेबात चूक म्हणून घुसतात. म्हणून ही सेवा एकदा विचारून थांबत नाही, आणि एकालाच विचारत नाही. चार सर्व्हर दिले की त्यातला एखादा थापाड्या निघाला तरी उरलेले तिघे मिळून त्याला बाजूला बसवतात.

विचारायचं कुणाला, याचीही उतरंड आहे. सगळ्यात वर सीझियमची आण्विक घड्याळं, त्यांचा थर शून्य. भारताची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अशाच घड्याळांवर राखली जाते. २८ एप्रिल २०२२ला सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने फर्मानच काढलं, की संस्थांनी आपली यंत्रं या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसी या सरकारी संगणक केंद्राच्या वेळेशी, नाहीतर त्यांच्याशी नातं सांगणाऱ्या सर्व्हरशी जुळवावीत. शून्याला जोडलेल्या सर्व्हरचा थर एक, त्याला विचारणाऱ्या जळगावचा दोन, जळगावला विचारणाऱ्या धुळ्याचा तीन. आप्पांना हे अजून सांगितलेलं नाही.

एवढा खटाटोप लागतो, कारण संगणकाचं स्वतःचं घड्याळ आपल्यासारखंच हवामानाला वश असतं. यंत्र बंद असतानाही वेळ मोजत राहणारा आतला क्वार्ट्झचा बारका स्फटिक साधारण २५ अंशांना जुळवलेला असतो. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ला टेकला की तो दिवसाला सेकंदभर मागे पडतो. एनटीपीची सेवा त्याच्यावर डाफरत नाही. चालू घड्याळाचा कल किती, ते एका फायलीत टिपून ठेवते आणि पुढच्या खेपेला तेवढं धरूनच चालते.

तिची दुरुस्त करण्याची रीत तर कुटुंबात शिकवावी अशी आहे. फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर ती काटा ओढत नाही, फक्त घड्याळाची चाल किंचित मंद किंवा जलद करते, तीही सेकंदामागे जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद. सेकंदाचा दहावा हिस्सा सावरायला तीन मिनिटांहून जास्त वेळ घेते आणि कुणाला पत्ता लागत नाही. फरक १२८ मिलिसेकंदांहून मोठा असेल तर काटा सरळ हलवते. आणि १००० सेकंदांच्या, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटांच्या पलीकडे गेला, तर "घड्याळ हाताने लावा" असा शेरा मारून चक्क बंद पडते. आमच्याकडच्या लग्नात ही सेवा लावली तर वरात मारुतीच्या पारापाशी असतानाच ती राजीनामा देईल.

हीच सतरा मिनिटांची कसोटी मी सूर्याला लावून पाहिली. प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाची. वर्षाची सरासरी धरली तर जळगावचा सूर्य तिच्या सुमारे २८ मिनिटं मागे आणि धुळ्याचा ३१. दोघेही नापास, धुळ्याचा तीन मिनिटं जास्त.

एके काळी मात्र कसोटीच वेगळी होती. जुने ज्योतिषी उज्जैनची रेषा शून्य धरत आणि बाकीच्या गावांना देशांतराची दुरुस्ती करायला सांगत. हे ज्योतिष खान्देशातही शिकवलं जाई. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचा सिद्धांतशिरोमणी हा ज्योतिषग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, हे त्यात नोंदलं आहे. आणि आपलं भुसावळ बसलंय जवळपास थेट उज्जैनच्याच रेषेवर. त्या हिशेबात पाच-सहा मिनिटांची दुरुस्ती दिल्लीला करावी लागली असती, भुसावळला काहीच नाही.

पुढे त्याच भुसावळला रेल्वे आली आणि मद्रासची वेळ पाळू लागली, म्हणजे फलाटावरचं घड्याळ गावच्या सूर्यापेक्षा अठरा मिनिटं पुढे. १९०६ साली सरकारने देशाची वेळ एक केली आणि त्याच वर्षी खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे केले. मुंबई शहराने तर १९५५पर्यंत आपली ३९ मिनिटं मागची वेळ सोडली नाही. यातलं कोणतं घड्याळ खरं होतं, हे विचारण्यात अर्थ नाही. सगळ्यांचं सारखंच चुकलं तर निभतं. वेगवेगळं चुकलं की ऑडिटर येतो.

एनटीपीचीही एक गोम आहेच. तिचे सेकंद १ जानेवारी १९००पासून मोजले जातात आणि ते ३२ बिटांच्या खान्यात बसवलेले आहेत. तो खाना ७ फेब्रुवारी २०३६ला, आपल्याकडे दुपारचे बारा वाजायला दोनेक मिनिटं असताना, भरेल आणि मोजणी पुन्हा शून्यावर येईल. जाणत्या यंत्रांना ही मेख ठाऊक आहे, ती निभावून नेतील. एखादं अडाणी यंत्र मात्र १९०० साल उजाडलं असं समजून कामाला लागेल. त्या साली खान्देश एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं होतं धुळे. असं यंत्र धुळ्यातच निघालं, तर धुळेकर ते मला दुरुस्त करू देतील का, याची मला दाट शंका आहे.