मामांची पारख

गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसाच्या आमच्या मामांना गावात कुणी दारुडा म्हणत नाही. ते पितात असंही कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. मामा पारख करतात. लग्नघरी, बारशाला, नव्या घराच्या वास्तूला मागच्या दारानं मोहाची बाटली आली की ती आधी मामांच्या हाती जाते. बाकीची मंडळी गप्प बसून मामांच्या तोंडाकडे बघत राहतात.

मामा घाई करत नाहीत. बाटली उजेडाला धरतात, एकदाच हलवतात आणि वरचे बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहतात. मग देवाच्या नावानं दोन थेंब भुईवर सोडतात. त्याआधी वासही घ्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. चार थेंब तळहातावर चोळून हुंगायचे, उरलेला अर्धा घोट चुलीतल्या निखाऱ्यावर फेकायचा. निळी ज्योत उठली तर हुं, नाही उठली तर हूं. या दोन हुंकारांतला फरक फक्त आमच्या मामीला कळतो.

मग निकाल. "फुलं वाळू देल्ली नाईत." "भांडं घाईनं तापवलं." "वरच्या गंजातलं पानी बदलवलं नाई, वाफ थंडच झाली नाई." आजवर एकही बाटली मामांनी पास केलेली नाही. आणि नापास झाली म्हणून एकही बाटली कुणी ओतून दिलेली नाही.

त्यांचं ज्ञान मात्र अस्सल आहे. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात, तेव्हा कोणत्या झाडाचं फूल गोड नि कोणत्याचं नुसतं रसाळ, हे ते झाडाखाली न वाकता सांगतात. हाजरा धबधब्याच्या वरच्या अंगाचं पाणी आणि गावच्या बोअरचं पाणी यांनी मोह वेगवेगळा आंबतो, असं त्यांचं म्हणणं. अडचण एवढीच की या सगळ्या विद्वत्तेला १९४९ च्या दारूबंदी कायद्यात जागा नाही. २०२१ साली सरकारनं मोहफुलं वेचायला, साठवायला, न्यायला मोकळीक दिली. फुलांचं पुढं काय करायचं ते मात्र सांगितलं नाही. म्हणून मामा कुठल्याही बाटलीबद्दल बोलताना आधी सांगतात, "हे आपल्याकडचं नाई बरं का, पलीकडचं हाय." पलीकडं म्हणजे छत्तीसगड. दरेकसाच्या रेल्वे बोगद्यापासून ते फार लांब नाही, आणि तिकडे आदिवासींना घरच्यापुरती मुभा आहे. राज्याची सीमा इतकी उपयोगी पडलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

असे हे मामा महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदियाहून पुण्याला माझ्याकडे आले. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी पुण्यातच, २००९ साली निघाली, हे मी कौतुकानं सांगितलं. मामा म्हणाले, "मंग पाहून घेऊ." आमच्या भागात तसाच एक नवा पब उघडला होता. माझ्या बायकोनं मला बाजूला घेऊन विचारलं, तिथं काही बोलले तर? मी म्हणालो, बोलणारच.

आत भिंतीवर ओळीनं पितळी नळ आणि वर फळ्यावर खडूनं लिहिलेली नावं. एप्रन घातलेला पोरगा आला आणि पाठ केल्यासारखा सुरू झाला. "अंकल, ही हेफेवाईझन. गव्हाची. केळ्याचा नि लवंगेचा वास येईल."

"केरं टाकलं का यात?"

"नाही अंकल, यीस्टमुळे येतो."

मी टेबलाखाली पाय दाबला, पण मामांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं. "बराबर. मोहातबी कोनी केरं टाकत नाई. पन एखांद्या भांड्यात येते तसा वास." पोरानं पहिल्यांदाच मामांकडे नीट बघितलं.

छोट्या पेल्यात चव घ्यायला बीअर आली. मामांनी उजेडाला धरली, हलवली, आणि बोट बुडवून दोन थेंब त्या चकचकीत फरशीवर सोडले. एक दुसरा पोरगा कागदी रुमाल घेऊन धावला. त्यानं पुसलं. पुढच्या पेल्याचे दोन थेंब पडले. त्यानं पुन्हा पुसलं. तिसऱ्या पेल्यापासून तो रुमाल हातात घेऊन तिथंच उभा राहिला.

आयपीए नावाच्या बीअरच्या वेळी इतिहास निघाला. इंग्रज साहेबांसाठी बीअर बोटीनं हिंदुस्थानात यायची, वाटेत बिघडू नये म्हणून हॉप्स जास्त घालायचे, त्यामुळे ती कडू, वगैरे. जाणकार म्हणतात या गोष्टीत मीठमसाला बराच आहे, पण पबात ती सांगावीच लागते. मामांनी घोट घेतला, डोळे मिटले. "बोटीतून उतरली तवाच साहेबानं फेकून द्याले पायजे होती."

"किती टक्के हाय?" त्यांनी विचारलं.

"साधारण पाच, अंकल."

"मंग बाकीचं?"

"पाणी."

मामांनी फळ्यावरच्या किमती खालून वर वाचल्या, वरून खाली वाचल्या आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यात माझ्या पगाराबद्दल, शिक्षणाबद्दल आणि एकूण खानदानाबद्दल मत होतं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर त्यांचं लक्ष गेलं. तिशीतला दाढीवाला तरुण. ग्लास दिव्याकडे धरलेला, गोल गोल फिरवत होता, नाक आत घालून डोळे मिटत होता आणि मग फोनवर काहीतरी लिहीत होता. ग्लास अजून जवळजवळ भरलेलाच, फेस केव्हाच बसलेला. मामा खुर्ची ओढून थेट त्याच्याकडे गेले.

"कशी हाय?"

"मिडपॅलेटला जरा थिन आहे, काका."

"पानी जास्त झालं मनतोस?"

"एक्झॅक्टली."

मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढं बराच वेळ त्या दोघांना मी नव्हतो, पब नव्हता. दाढीवाल्यानं नोकरी आयटीत असल्याचं सांगितलं, मामांनी ते ऐकलंच नाही. भांडं तांब्याचं की स्टीलचं, आंबवताना झाकण किती उघडं ठेवायचं, उन्हाळ्यात काय होतं, यावर चर्चा चालली. दाढीवाल्यानं हजारावर बीअर नोंदवल्या होत्या आणि पाचपैकी पाच गुण एकीलाही दिले नव्हते. मामांनी हे ऐकून त्याचं लग्न झालंय का, अशी चौकशी केली. आमच्या मावसबहिणीची एक मुलगी आहे.

शेवटच्या नळापर्यंत चाखून झालं. चाखायला पैसे नव्हते. एप्रनवाल्या पोरानं आशेनं विचारलं, "मग अंकल, यातली कुठली आणू?"

"निंबू सोडा हाय का?"

उठताना मामांना काउंटरवरची पाटी दिसली: मद्य प्राशनासाठी परवाना आवश्यक. पुण्यात ही पाटी कुणी वाचत नाही. मामांनी मोठ्यानं वाचली. "म्हंजे इथं कागद भेटते?" एक दिवसाचा परवाना, विदेशी दारूसाठी पाच रुपये, असं मॅनेजरनं सांगितलं आणि ड्रॉवरच्या तळातून पुस्तक शोधून काढलं. मामांनी बंडीच्या आतल्या खिशातून पाचाचं नाणं काढलं. माझं पाकीट उघडं होतं, पण त्यांनी हात आडवा केला. नाव नीट लिहून घेतलं, गाव दरेकसा, तालुका सालेकसा, असं दोनदा सांगितलं. दारूच्या बाबतीत आपलं नाव सरकारी कागदावर, आणि तेही गुन्हा दाखल न होता, हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता.

"हे पलीकडं चालते का?"

"नाही अंकल. महाराष्ट्रापुरता आहे. आणि फक्त आजच्या दिवसाचा."

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ वाजले होते. ते शांतपणे परत फिरले, खुर्चीवर बसले, कागद समोर मांडला आणि एप्रनवाल्याला हाक मारली.

"बाबू, आता पयल्या नळापासून सांग."