रेंजच्या माजी धन्यास खुले पत्र

श्री. माजी भाडेकरू यांस,



लीझ ऑफिसवाले तुमचा नवा पत्ता द्यायला तयार नाहीत, म्हणून हे पत्र चव्हाट्यावर मांडावं लागतंय. राग मानू नये. आपली भेट कधी झाली नाही. पण अमेरिकेतल्या एडिसनच्या या अपार्टमेंटमध्ये तुम्ही मागे ठेवून गेलेली इलेक्ट्रिक रेंज, म्हणजे वर काचेची शेगडी आणि खाली ओव्हन, आम्ही रोज पुसतो, आणि पुसता पुसता तुमचा स्वभाव, तुमचे सणवार आणि तुमच्या झोपेच्या वेळासुद्धा आम्हाला कळून चुकल्या आहेत.

तुम्ही मराठी, हे तर पहिल्याच दिवशी समजलं. रेंजवरच्या धूर ओढणाऱ्या हुडाला लागून असलेल्या कपाटाच्या दारावर कालनिर्णय टांगलेलं होतं. सातासमुद्रापार येऊनही माणूस चतुर्थी विसरला नाही, म्हणून ऊर भरून आला. मग त्या जागी आमचं टांगावं म्हणून ते काढलं, तर खाली पंख्यासारखा पसरलेला जळका डाग. लॅमिनेटला फोड आलेले, आतल्या भुशाच्या फळीचा कोळसा झालेला. म्हणजे आधी तिथे आग लागली, आणि मग आग लागलेल्या जागी तुम्ही सुका कागद लटकवलात. मुहूर्त पाहूनच लटकवला असणार.

डाग ज्या तऱ्हेने वर पसरलाय त्यावरून दिसतं, की पेटलेल्या कढईत तुम्ही पाणी ओतलंत. पाण्याची वाफ होताना ते सुमारे सतराशे पट फुगतं. जळत्या तेलाखाली गेलेलं भांडंभर पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं आणि तेल छतापर्यंत उडवतं. नॉब बंद करायचा, कढईवर झाकण सरकवायचं आणि पार गार होईपर्यंत ते उचलून बघायचं नाही, एवढंच काम होतं. झाकण तुमच्याकडे होतं. ते आम्हाला ओव्हनमध्ये सापडलं, त्याकडे येतोच. आग आवाक्याबाहेर गेली तर कढई उचलून सिंककडे धावायचं नसतं. माणसांना घेऊन घराबाहेर पडायचं आणि ९११ ला फोन करायचा. बेसन टाकून विझवायचा प्रयत्न तुम्ही केलेला दिसत नाही, ही कृपाच. पीठ स्वतःच भडकतं. टाकायचाच असेल तर खायचा सोडा टाकावा, तोही मूठ आखडून नव्हे.

आता मूळ मुद्दा. तेल पेटलं कसं? रेंजच्या चारही नॉबांवरचा ‘हाय’ हा शब्द बोटांनी झिजून पार पुसला गेलाय. ‘मीडियम’ आणि ‘लो’ मात्र आजच दुकानातून आणल्यासारखे कोरे करकरीत आहेत. यावरून तुमच्या पाककलेचा अंदाज येतो. तुम्हाला वाटलं असणार, मध्यम आचेवर ठेवली की ही मेली मधेच लाल होते नि मधेच विझते, म्हणजे बिघडलेली आहे. बिघडलेली नव्हती हो. गॅसची ज्योत बारीक करता येते. इथे काचेखालची तार एकतर पुरती तापते, नाहीतर बंद असते. नॉबमागचा स्विच तिला आळीपाळीने चालू-बंद करत राहतो. चालू किती वेळ आणि बंद किती वेळ, याचं प्रमाण म्हणजे नॉबवरचा आकडा. त्यात तुमची कढई गोल बुडाची. ती सपाट काचेला टेकणार नाण्याएवढी. तेल तापेना म्हणून तुम्ही नॉब शेवटच्या टोकाला नेलात आणि मॅच बघायला बसलात. सपाट बुडाची कढई त्याच तारेवर, मधल्या आकड्यावर, गुमान चकल्या तळून देते. फक्त समोर उभं राहावं लागतं.

समोर उभं राहणं तुम्हाला कमीपणाचं वाटत असेल, तर अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं म्हणणं ऐका. या देशात घरांना लागणाऱ्या आगींचं सगळ्यात मोठं कारण स्वयंपाक, आणि त्यातही चुलीवर काहीतरी ठेवून निघून जाणं. सर्वांत जास्त आगी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लागतात. आणि गॅसवाल्या घरांपेक्षा इलेक्ट्रिक रेंजवाल्या घरांना धोका अधिक. हे वाचून आपल्याकडची माणसं हसतात, कारण आपल्या मनात भीती आहे ती गॅसची. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद आहे ना, हे दोनदा बघितल्याशिवाय तुमच्या आईने पाठ टेकली नसेल. ती सगळी शिस्त तुम्ही मुंबईच्या विमानतळावर जादा सामान म्हणून काढून ठेवलीत काय? की ज्योत दिसत नाही म्हणजे आग नाही, असा समज आहे? अमेरिकेत घरातल्या साध्या प्लगला १२० व्होल्ट असतात, पण ही बया २४० व्होल्टवर चालते, आणि तिच्यासाठी ४० किंवा ५० अँपियरचा वेगळा ब्रेकर ठेवलेला असतो. इतका मान त्या घरात फ्रिजलाही नाही.

गॅस बंद केला की ज्योत गेली, विषय संपला. इथे नॉब बंद केला तरी काच बराच वेळ तापलेली राहते आणि काळीभोर, निरागस दिसते. म्हणून तर कोपऱ्यात लाल दिवा दिलाय. काच हात लावण्याइतकी निवेपर्यंत तो विझत नाही. तुम्ही तो देवघरातल्या नंदादीपासारखा मानलात आणि खाली ब्रेडची पिशवी ठेवलीत. पुढच्या डाव्या शेगडीवर तिची छपाई उलटी उमटली आहे. आरसा धरून वाचलं तर ‘होल व्हीट’ एवढं लागतं. तब्येतीची काळजी घेता, हे कळून बरं वाटलं.

रेंज म्हणजे ओट्याचाच पुढचा भाग, या तुमच्या सिद्धांताची कसोटी कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये एका कुत्र्याने घेतली. जून २०२४. पहाटेची वेळ, घरातले झोपलेले, रेंजवर खोकी ठेवलेली. कुत्रा दोन पायांवर उभा राहून वास घ्यायला गेला आणि पंज्याने नॉब फिरला. खोकी पेटली. घरमालकाला वेळीच जाग आली म्हणून निभावलं. घरातल्या कॅमेऱ्याने टिपलेलं ते सगळं अग्निशमन दलाने नंतर लोकांना दाखवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका बड्या कंपनीने दहा लाखांहून अधिक रेंजसाठी ग्राहकांना फुकट कुलपं आणि झाकणं देऊ केली, कारण पुढच्या बाजूचे नॉब माणसांच्या नि जनावरांच्या धक्क्याने फिरत होते. तुमच्याकडे कुत्रा नव्हता. पण कंबर तुम्हालाही असेलच.

आता काचेचं. आमचा जीव खरा इथे जळला आहे.

ही साधी काच नव्हे. १९५३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी नावाच्या शास्त्रज्ञाने काचेचा एक तुकडा सहाशे अंशांवर भट्टीत ठेवला. भट्टीचं नियंत्रण बिघडलं आणि पारा नऊशेवर गेला. स्टूकीला वाटलं, आत आता वितळलेला लगदा मिळणार. निघाली पांढरी, अपारदर्शक, अखंड वडी. ती चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली, खणकन वाजली आणि फुटली नाही. काच-सिरॅमिकचा जन्म असा झाला. पुढे याच कुळातून काचेच्या शेगड्या आल्या. तापली तरी ही काच जवळपास फुगत नाही, निवली तरी आक्रसत नाही, म्हणूनच तिच्यावर एकीकडे उकळतं पातेलं आणि दोन वितींवर गार ताट ठेवता येतं. थोडक्यात, भट्टीच्या हलगर्जीपणातून जन्मलेली ही काच पुरून उरणारी होती. पण तिची गाठ तुमच्याशी पडली.

कारण तुम्ही संक्रांत केलीत. पाक उतू गेला. काचेवर डावीकडून उजवीकडे ओघळ गेलेला आहे आणि ओघळाच्या वाटेवर काचेचे टवके उडालेले आहेत, बोट फिरवलं की खड्डे लागतात. गुळाचा किंवा साखरेचा पाक तापल्या काचेवर सांडला की तिला घट्ट चिकटतो. काच आक्रसत नाही, पाक मात्र निवताना आक्रसतो आणि काचेचा पापुद्रा सोबत घेऊन सुटतो. म्हणून दूध सांडलं तर निवल्यावर पुसलं तरी चालतं, पाकासाठी मात्र थांबायला वेळ नसतो. शेगडी बंद करून, हाताला जाड ओव्हन-मिट घालून, पाक गरम असतानाच धारेच्या खरवडणीने, पातं आडवं धरून तो काढायचा. जपून, कारण काच भाजते. उरलेला डाग काच निवल्यावर शेगडीसाठी मिळणाऱ्या मलमासारख्या क्रीमने जातो. तुम्ही काय केलंत तेही दिसतंच आहे. सकाळपर्यंत वाट पाहिलीत आणि मग हिरव्या घासणीने गोल गोल घासलंत. ओरखडे अजून उन्हात चमकतात.

टवक्यांवर भागलं, तडा गेला नाही, हे नशीब. काचेला तडा गेला की ती शेगडी संपली. सांडलेलं पाणी तड्यातून खाली विजेच्या तारांवर उतरतं. तेव्हा ब्रेकर पाडायचा आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत वरणभात मायक्रोवेव्हमध्ये. ओरखडे पाहता तुमची लोखंडी कढई या काचेवर उचलून कमी आणि ओढून जास्त फिरलेली आहे, म्हणून सांगून ठेवलं.

स्मोक अलार्मबद्दल थोडक्यात. त्याला तुम्ही हॉटेलातली शॉवर कॅप घातली होती. मिरचीच्या फोडणीला तो बोंबलतो, कबूल. पण तोंड बांधायचं होतं ते धुराचं. हुडाची जाळी काढून पाहिलीत कधी? आम्ही काढली तेव्हा तिच्यातून पलीकडचं दिसत नव्हतं. गरम पाण्यात साबण घालून भिजवली, तर पाण्याला शंकरपाळ्यांचा वास आला. अलार्म चुलीपासून किमान दहा फूट लांब हवा. दहा ते वीस फुटांत असेल तर तो फोटोइलेक्ट्रिक जातीचा घ्यावा, फोडणीला तो कमी ओरडतो. ऑफिसात अर्ज केला की बदलून मिळतो. टोपी घालायची हौसच असेल तर थंडी इथे भरपूर पडते.

ओव्हन. मराठी घरात ओव्हन हे कपाट असतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. तापवण्याआधी दार उघडून पाहायची सवय होती म्हणून वाचलो. आत कढईचं ते झाकण, इडलीपात्र, चकलीचा सोऱ्या, आईस्क्रीमचे रिकामे प्लास्टिकचे डबे आणि एक लाकडी डाव, असा संसार होता. घरी आलेल्या एखाद्या पाहुण्याने केक भाजायला म्हणून बटण दाबलं असतं तर? तळाला तुम्ही अंथरलेला अ‍ॅल्युमिनियमचा फॉइल वितळून एनॅमलशी एकजीव झालाय. रेंज बनवणारे कानीकपाळी ओरडून सांगतात की तळाला फॉइल घालू नका. त्याचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून कापले असतील अशी आशा आहे, नाहीतर आमच्यातून कापतील.

खालच्या ड्रॉवरमध्ये मॅन्युअल सापडलं, रबरबँडसुद्धा न काढलेलं. त्याच्याशेजारी एक छोटी प्लास्टिकची पिशवी. तिच्यात लोखंडाची वाकवलेली पट्टी आणि स्क्रू. इथपर्यंत आम्ही हसत होतो.

ती पट्टी मागच्या भिंतीशी किंवा जमिनीत स्क्रूने बसवायची असते आणि रेंजचा मागचा पाय तिच्यात अडकवायचा असतो. १९९१ पासून अमेरिकेत अशा रेंजसोबत ती दिली जाते. कारण ओव्हनचं दार उघडं असताना त्यावर वजन पडलं, तर अख्खी रेंज पुढे कलंडते आणि वर उकळत असलेलं सगळं समोरच्याच्या अंगावर येतं. त्या दारावर वजन टाकतात ती बहुतेक लहान मुलं. वर काय शिजतंय ते बघायला दाराची पायरी करून चढतात. आमच्या फ्रिजवर गुडघ्याच्या उंचीला डायनोसॉरचे स्टिकर चिकटवलेले आहेत. ते तुम्ही चिकटवले नसावेत.

पट्टी बसवणं घरमालकाचं काम, हे मान्य. पण ती पिशवी उचलून तुम्ही ड्रॉवरच्या मागच्या कोपऱ्यात सारलीत आणि वर पोळपाट ठेवलात. आम्ही ऑफिसला कळवलं, मेंटेनन्सवाला ड्रिल घेऊन आला आणि आमचा चहा उकळायच्या आत काम करून गेला. पैसे लागले नाहीत.

तेव्हा बाकीचं सगळं सोडा. कढई हवी तेवढी ओढा, हिरवी घासणी वापरा, पाक उतू जाऊ द्या. फक्त नव्या घरी आज रेंजचा खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, आत टॉर्च मारा आणि मागचा पाय पट्टीत अडकलाय का बघा. नसेल तर मालकाला लगेच फोन करा, आणि पट्टी बसेपर्यंत त्या पोराला रेंजपासून तीन फूट लांब ठेवा.

आपला,
नवा भाडेकरू