गज गेले, काच आली

भायखळ्याच्या राणीच्या बागेचं आधुनिकीकरण झालं म्हणजे काय झालं? गज गेले, काच आली. पूर्वी वाघाला माणूस पट्ट्यापट्ट्यांचा दिसायचा, आता काचेला नाक लावलेला अखंड दिसतो. 2016 मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. बाहेर भायखळा घामाघूम आणि आत गारेगार दालन. पेंग्विन म्हटला की बर्फ, ही आपली समजूत. हे बिचारे मूळचे पेरू-चिलीच्या रखरखीत किनाऱ्यावरचे. असो, बघणाऱ्यांना निदान घटकाभर एसी मिळाला.

बागेच्या या कामी हिवरे बाजार या गावाला कोणी सल्ला विचारत नाही. तिथे प्राणिसंग्रहालय नाही, हे खरं. पण कुंपण नेमकं कुणाला घालायचं, हा प्रश्न त्या गावाने निविदा न काढताच सोडवला. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात चराईबंदी आली, कुऱ्हाडबंदी आली. डोंगर मोकळा सुटला आणि गुरं दावणीला आली. गवत हवंय? विळा घ्या, कापा, भारा डोक्यावर घेऊन घरी या. शेतीसाठी बोअर पाडायचीही मनाई. थोडक्यात, मोकाट होता तो माणूस. त्यालाच वेसण घातली.

हाच नियम बागेत लावला तर खर्च वाचेल. माकडाला वेफर्स फेकणारे, मगरीला दगड मारून ‘जिवंत आहे का’ तपासणारे, असे निवडक नमुने काचेआड ठेवायचे. बाहेर फलक लागेल: आढळ – सर्वत्र, आहार – मिश्र, सवय – शिट्टी मारणे. कृपया चिडवू नये.