कुंडी क्रमांक सात

आमच्या गॅलरीत चौदा कुंड्या आहेत. त्यांची वही ठेवायची असं मी जाहीर केलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "म्हणजे पाणीही तुम्हीच घालणार ना?" मी उत्तर दिलं नाही. मोठ्या कार्याच्या आरंभी किरकोळ शंका काढणारी माणसं असतातच.

स्फूर्ती थॉमस जेफरसनची. या गृहस्थाने १७६६ साली बागेची वही सुरू केली. मध्येच अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला, दोनदा अध्यक्षपद भूषवलं, आणि तरी १८२४ पर्यंत त्याच्या नोंदी आहेत. मला तर निवृत्तीनंतर फक्त दुपारची झोप सांभाळायची होती.

वही म्हणजे विमा एजंटाने दिलेली दोन वर्षांपूर्वीची कोरी डायरी. तारीख बरोबर, वार चुकीचा. मुहूर्त मृगाचा धरला, ७ जून. पहिल्या पानावर कुंड्यांचा नकाशा काढला, वर उत्तर दाखवणारा बाण. (गॅलरी पश्चिमेला आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाणाशिवाय नकाशाला वजन येत नाही.) पंचांगात बघून नक्षत्राचं वाहनही टिपलं. मग रोज नोंदी. गुलाबावर मावा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. लिंबाच्या पानावर पक्ष्याची घाण, सवडीने पुसावी. सवड मिळेपर्यंत ती घाण हिरवीगार होऊन चालू लागली. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब तशीच दिसते, हे मला कळलं तेव्हा लिंबाला पानंच उरली नव्हती.

जुलैत सात नंबरच्या कुंडीत वांग्याचं बी पेरलं आणि वहीचा नूरच पालटला. बाकीच्या तेरा कुंड्या एका ओळीत आटपायच्या, सातवीला अख्खं पान. 'दोन पानं.' 'चार पानं, ठेवण भारदस्त.' 'उंची नऊ इंच, पट्टीने मोजली.' शेणखत झालं, निंबोळी अर्क झाला. इतकं निरीक्षण मी पोरांच्या दहावीलाही केलं नव्हतं.

पुढे फूल आलं. पांढरंशुभ्र, वीतभर, लग्नातल्या सनईच्या तोंडासारखं. वांग्याचं फूल जांभळं आणि मान खाली घातलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी लिहिलं, 'सुधारित वाण असावा.' नंतर काट्यांनी भरलेलं गोल फळ धरलं. त्या दिवशीची नोंद अशी : 'काटेरी वांगी!' खाली दोन रेघा.

भरल्या वांग्याचा बेत ठरणार, तोच कामाला येणाऱ्या मावशी केरसुणी हातात धरून उभ्या राहिल्या. "काका, धोतरा कशाला वाढवलाय? विषारी असतो की."

वांगं आणि धोतरा एकाच कुळातले. लहानपणी रोपं इतकी सारखी, की चूक कोणाचीही होईल. माझं बी उगवलंच नव्हतं, हा पाहुणा खतातून आला असावा. जेफरसनच्या १८०९च्या नोंदींतही कितीतरी पिकांपुढे 'फसलं' असं सरळ लिहिलेलं आहे. तेच लिहावं म्हणून मी वही मागून पुढे चाळू लागलो, आणि पहिल्यांदाच समासाकडे लक्ष गेलं. तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात दुसरीच वही चालू होती. 'पाणी – मी.' 'पाणी – मी.' 'माव्यावर फवारणी – मी.' '१२ ऑगस्ट : हा धोतरा आहे. बोलले नाही. सध्या खुशीत आहेत.'

"अगं, सांगायचं तरी!"

"तुम्ही पट्टी घेऊन बसला होता. कसं सांगणार?"

त्यानंतर वही शांत झाली. ऑक्टोबरात तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेब आला. कुंडी सात मात्र, कोणी विचारत नसताना, माजली.

महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या काकू. "तुमच्याकडे धोतरा आहे म्हणे? शंकराला फूल आणि फळ हवं होतं." मग दुसऱ्या विंगमधल्या आजी, मग सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः. मी गॅलरीत उभा राहून, अळवाच्या पानात गुंडाळून, एकेकाला देत होतो. मोगरा मागायला आजवर कोणी आलं नव्हतं.

रात्री वही काढली. जूनमध्ये सुरू केल्यामुळे फेब्रुवारीची पानं कोरीच होती. झोकात लिहिलं, 'कुंडी क्रमांक सात. उत्पन्न : फळं पाच, फुलं तीन. मागणी प्रचंड.'

सकाळी पाहिलं तर समासात पेन्सिल फिरली होती.

'पाणी – मी.'