माजघरातून ओटीवर

आंब्याच्या दिवसांत आमच्या घरी फोन उचलायला माणसं पुरत नाहीत. कुणाला पाच डझनी पेटी हवी, कुणाला अक्षय्य तृतीयेच्या आत, कुणाला कच्चा, तर कुणाला परवा खाण्याजोगा. म्हणून या पावसाळ्यात भाच्याला गुरू करून मागणी नोंदवायचं एक छोटंसं वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिलं. नाव, पत्ता, किती पेट्या, बास. रत्नागिरीत पावसाने मुक्काम ठोकला की माणसाला एक तर भजी सुचतात, नाही तर असलं काही.

लॅपटॉपवर ते झोकात चाललं. पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' आणि पुढे पोर्ट ५०००. पोर्ट म्हणजे बंदर, या विचाराने उगाच ऊर भरून आला. मिरकरवाडा, जयगड आणि आता हे आमचं. त्या भरात तोच पत्ता दादरच्या बहिणीला धाडला. लगेच फोन, "दादा, तुझं दुकान उघडत नाही रे."

भाचा हसून लोळला. "मामा, लोकलहोस्ट म्हणजे ज्याचं त्याचं घर. मावशी तिच्याच लॅपटॉपात तुझं दुकान शोधतेय!"

घराबाहेर पडायचं तर कंटेनर हवा, असं ठरलं. युक्ती मूळची जहाजांची. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाने ५८ कंटेनर जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेले. आत काय आहे, याची चौकशी क्रेनने करायची नाही. उचलायचं आणि ठेवायचं. २०१३ साली डॉकरने हीच सोय सॉफ्टवेअरला करून दिली. त्याच्या चिन्हातला देवमासासुद्धा पाठीवर कंटेनरच वाहतो.

पेटी भरायला रत्नागिरीकराला कुणी शिकवावं? पण आंब्याला पेंढा पुरतो. इथे आत काय काय घालायचं, ते 'डॉकरफाइल'मध्ये आधी लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं आणि पेटी तीनदा अडली. दर वेळी काहीतरी कमी, आणि दर वेळी मी म्हणे, "अरे, ते तर आहेच की!" होतं, पण माझ्या लॅपटॉपवर, भाच्याने दोन वर्षांपूर्वी भलत्याच कामासाठी टाकलेलं. आईची आठवण झाली. सोलकढीची कृती सांगताना ती नारळापासून सुरुवात करायची. सोलं घ्या, हे तिने कधी सांगितलंच नाही. ती फडताळात असतातच. पुण्याला धाकट्याकडे नारळ खवून झाल्यावर तिने सवयीने फडताळात हात घातला, तेव्हा तिथे नूडल्स होते.

अखेर पेटी भरली, आतून चालूही झाली, पण बाहेरून हाक पोचेना. माझं अ‍ॅप्लिकेशन १२७.०.०.१ वर कान देऊन बसलं होतं, म्हणजे माजघरात. तिथे फक्त घरच्यांचं ऐकू येतं. त्याला ०.०.०.० वर, म्हणजे ओटीवर आणून बसवलं, तेव्हा कुठे येणाऱ्याजाणाऱ्याला 'ओ' देऊ लागलं.

मग स्वारी कंटेनर चालवणाऱ्या इंटरनेटवरच्या प्लॅटफॉर्मवर चढली. तिथला कारभारी कुबरनेटीस. ग्रीकमध्ये याचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्याकडे त्याला तांडेल म्हणू. पण हा तांडेल निर्दय. एखादा कंटेनर बिघडला की डागडुजी नाही. तो काढून टाकायचा आणि तसाच नवा मांडायचा. एका रात्री माझा कंटेनर असाच बदलला गेला आणि सकाळी बहिणीने चाचणीसाठी नोंदवलेल्या तीन पेट्या गायब! नोंदी मी आतच ठेवल्या होत्या.

"राखायचं ते बाहेर ठेवायचं, मामा," भाचा म्हणाला. आता हे मला कळायला नको? आमच्या लाकडी पेट्या आंबे संपले की बंबात जात. पेटी कुणी जपून ठेवल्याचं ऐकिवात नाही.

नोंदींना बाहेर वेगळी जागा दिली, बहिणीला नवा पत्ता पाठवला आणि ओटीवर चहा घेत बसलो. पाच मिनिटांत फोन वाजला.

"दादा, उघडलं हो दुकान! पुढच्या हंगामाच्या तीन पेट्या टाकल्यात. पोचली ना नोंद, म्हणून विचारायला फोन केला."

आमच्या धंद्याला काय काय लागतं, याची यादी अजून पुरी झालेली नाही.